एक वीत बाहेर

रविवारी दुपारी बाजारातल्या गेम सेंटरमध्ये मी आणि किनुए कुस्तीच्या व्हिडिओ गेमवर भिडलो. किनुए माझी मेव्हणी. साठी उलटली, पण आवाज अर्ध्या ओसाकाला ऐकू जाईल असा. ती जिंकली तर मी दर रविवारी रात्री तिच्याकडे जेवायला जायचं, आजपासूनच. मी जिंकलो तर तिनं तो विषय पुन्हा काढायचा नाही.

माझी बायको सातोए गेल्यापासून ती बोलावत होती. पण दोघी बहिणींच्या हाताला एकच चव. त्या चवीचं सूप पिऊन रिकाम्या घरी परतायचं मला जमणार नव्हतं.

तिथली यंत्रं पाठीला पाठ लावून ठेवलेली. समोरचा दिसत नाही, नुसता ऐकू येतो.

"दाजी, पळताय कुठे? या की जवळ!"

"तू ये."

माझा खेळ साधा आहे. पडद्यावरच्या तिच्या पैलवानाची लाथ जिथवर पोचते, त्याच्या एक वीत बाहेर उभं राहायचं. तिची लाथ हवेत गेली की आपली घालायची आणि मागे सरायचं. सातोए याला भित्रेपणा म्हणायची आणि हरायची.

"ही काय मारामारी झाली? माशा मारताय का?"

"मरतायत ना?"

"माझ्या बहिणीनं तुमच्याबरोबर जन्म काढला कसा, देव जाणे!"

शेवटची फेरी. माझी ताकद जास्त उरली होती. वेळ संपेपर्यंत लांब राहिलो की झालं.

तेवढ्यात तिचा पैलवान जागीच थांबला. तिकडची बडबडही बंद झाली.

"किनुए?"

  सातोएही अशीच बोलता बोलता गप्प झाली होती.

मी खेळ टाकून पलीकडे धावलो. किनुएनं ताकोयाकीचा, ऑक्टोपस घातलेल्या भज्याचा, अख्खा गरम गोळा तोंडात घातला होता. डोळ्यांत पाणी, एका हातानं तोंडाला वारा चाललेला. मला पाहिलं आणि दुसऱ्या हातानं तिनं पडद्यावर माझ्या पैलवानाला जाऊन पकडलं, उचललं, आपटलं. पुन्हा उचललं, पुन्हा आपटलं.

"लबाडी आहे ही!"

"तुम्हीच आलात ना जवळ?" ती कशीबशी म्हणाली. "आई गं, जीभ!"

रात्री तिच्या घरी त्या भाजलेल्या जिभेनं तिला मीठ कळलंच नाही. सूप तोंडात धरवेना. असलं सूप सातोएनं जन्मात केलं नसतं.

"कसं झालंय, दाजी?"

"खारट. समुद्र ओतलायस."

"मग ठेवा तसंच."

"ठेवू कशाला? वाढ अजून."