वाघाचं मुस्कं

काथ्याचं मुस्कं. मळणीच्या वेळी बैलाच्या तोंडाला बांधतात ते.

'पिटबुल से सावधान.' पत्र्यावर लाल रंग, शेवटचा न खाली ओघळलेला.

भाकरीत कुस्करलेल्या हिरव्या मिरच्या.

नवा सुती दोर, गुलाबी गोंड्याचा.

तानाबाईचा उजवा हात, फडक्यात गुंडाळलेला.

सगळं पिंपळगाव राजाच्या एकाच पांदणीवरचं. पांदणीच्या एका अंगाला रंगरावचा वांग्यांचा मळा, दुसऱ्या अंगाला सुवर्णाचा. रंगरावने खामगावहून कुत्रं आणलं, नाव ठेवलं डॉन, आणि गावभर सांगत सुटला, "पिटबुल हाय. याच्या जबड्यात गेलं ते सुटत नाही." कुत्रं तिखट व्हावं म्हणून तो त्याला मिरच्या चारायचा, दिवसभर पत्र्याच्या खोपीत अंधारात साखळीने बांधायचा. बाहेर काढलं की कुत्रं येणाऱ्याजाणाऱ्यावर झेपा टाकायचं आणि रंगरावची छाती फुगायची.

सुवर्णाची सासू तानाबाई याच पांदणीने भाजी तोडायला यायची. तिला नीट दिसत नव्हतं. म्हणून सुवर्णा एकदा मुस्कं घेऊनच रंगरावकडे गेली.

"भाऊ, सोडता तवा हे याच्या तोंडाले बांधत जा."

रंगराव खदखदून हसला. "मुस्कं बैलाले असते वहिनी. वाघाले कोणी बांधते काय?"

"वाघ पोसाची एवढी हौस असन तर मळ्याले कुंपण घाला."

"तुमीच दुसऱ्या रस्त्यानं जा. काऊन मरता इथून?"

"मी नाही मरत. तुमचा वाघ कोणाले तरी फाडन, अन् तवा तुमी म्हणसान, मले काय माहीत."

त्याने मुस्कं तिच्या अंगावर फेकलं. तिने ते बांधावरच्या बाभळीला अडकवलं. येताजाता त्याच्या डोळ्यांत खुपावं म्हणून.

मग पोळा आला. पोळ्याला रंगराव कुठल्याच जनावराच्या गळ्यात जुनं काही ठेवत नसे. बैलांना नवे दोर, नवे गोंडे. डॉनलाही त्याने तोच मान दिला. साखळी काढली, सुती दोर बांधला. बैल दोर चावत नाही. कुत्र्याने जेवणवेळेच्या आत तोडला.

तानाबाई टोपली घेऊन पांदणीतच होती.

टाके आणि सुई झाल्यावर सासूला घरी निजवून सुवर्णा परत आली, तर खोपीपुढे काठ्या घेऊन माणसं उभी. आत कोपऱ्यात कुत्रं, गळ्यात तुटका दोर आणि गोंडा. सगळ्यांत पुढे रंगराव, हातात कुऱ्हाड.

"जातच हरामी हाय याची! मी काय करू? मारा साल्याले!"

"कुऱ्हाड खाली ठेव," सुवर्णा म्हणाली. भाऊ गेलं, अहो-जाहोही गेलं. "डाक्तर म्हणते, कुत्रं जित्तं पाह्यजे. पिसाळलं का नाही, ते पाहा लागते. याले मारलं तर माह्या सासूचं काय होईन, तू सांगशीन?"

"मंग कोण धरन त्याले? तू?"

"तू धरशीन. वाघ तुहा हाय ना बे?"

माणसं हसली. रंगराव मात्र जागचा हलेना. सुवर्णाने बाभळीवरचं मुस्कं काढून त्याच्या पायाशी टाकलं.

"बांध."

तो आत वाकला. मालकाला पाहून कुत्रं बसल्या जागी मुतलं. मुस्कं मोठं होत होतं. रंगरावने दोरीला जास्तीचे वेढे दिले.

"आता साखळी लाव," ती म्हणाली. "मी ठाण्यात चालली. तिथं कुत्र्याची जात नाही सांगत, तुहं नाव सांगते."

त्याच सकाळी डॉनच्या गळ्यातून काढलेली साखळी रंगरावच्या गोठ्यात खुंटीला होती. ती तुटलेली नव्हती; तिला तेल लावलेलं होतं.