एका शिंगाची शिंगाळी

मी एक जुनी, बुटकी टेकडी आहे. मित्रांनो, डोंगर म्हणवून घ्यायची माझी ऐपत नाही. पालमच्या वाटेवर एस.टी.त जरा डुलकी लागली, की मी येऊन गेलेलीही कळत नाही. तरी बैलासारखी दोन टोकं होती, म्हणून भोवतीची तिन्ही गावं मला शिंगाळी म्हणत. मिरवायचं असलं की मी तिघांची. वणवा लागला की कुणाचीच नाही.

मला एक काम मात्र नीट जमे. बायनाबाईला अक्षरओळख नाही. तीस वर्षं ती माझी दोन शिंगं दिसली की कंडक्टरला हाक मारून माहेरी उतरे.

यंदा तिच्या भावाकडे, गोपाळकडे, बारा वर्षांनी पाळणा हलला. बारशाला लेकराच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. अंगणात चिखल होता. माझं एक शिंग नव्या रस्त्याखाली निम्मं गेलंच होतं. त्याचं उरलेलं निम्मं गोपाळने मुरूम म्हणून ट्रॉलीत भरलं. लाज वाटते सांगायला, पण मी हरखले होते. शुभकार्याला निघाले ना!

बाराच्या सुमारास बायनाबाईची एस.टी. माझ्यासमोरून सुसाट गेली. थांबली नाही. इकडे पंगत खोळंबलेली. भुकेपुढे आत्याचा मान किती टिकणार? शेजारच्या धुरपताबाईंनी आपल्या मनाचं नाव सांगून टाकलं.

पुढच्या गावाहून बायनाबाई उन्हात चालत परत आली. माझ्या पायथ्याशी गोपाळ भेटला.

"अक्का, कुटं गेलतीस गं?"

"एकाच शिंगाची टेकडी दिसली. म्हनलं, दुसऱ्या गावची आसंल. दुसरं शिंग कुटं हाय रे?"

गोपाळने मान खाली घातली. "अंगणात. तुझ्या पायाला चिखल लागू नये म्हनून."

"आन् नाव?"

"ठिवलं. निकिता."

"लय ब्येस हाय," ती म्हणाली. "तू व्हय म्होरं. मी जरा टेकते."

तो गेल्यावर ती माझ्या खड्ड्याशी वाकली आणि हळूच म्हणाली, "गोदावरी."

मित्रांनो, पोरीच्या कानातलं नाव माझ्या खड्ड्यात पडून आहे. मला तोंड वर करवत नाही. तशी मान उंच करण्याइतकी मी उरलेही नाही.

मुरूम नेणाऱ्याला अडवायला मला हात नाहीत. तेवढं उरलेलं शिंग राहू द्या. पोरीच्या जावळाला अक्का यायची आहे. आता ती एकच शिंग शोधत येईल.