तेहेतीस शाकूंची पडवी

गंधारचा व्हिसा दहा योक्टोमीटरने हुकला.

हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजू या. अजून काहीही हुकलेलं नाही. २००६चा फेब्रुवारी चालू आहे, एडिनबरात रीतसर वारा सुटलाय, आणि गंधारचा व्हिसा ३१ मार्चपर्यंत ठणठणीत आहे. पुढचा मिळायला कंपनीचं पत्र हवं. पत्राला क्लायंटची सही हवी. आणि सहीला हवं एक शून्य.

क्लायंट म्हणजे गावातलं एक छोटं म्युझियम. जपानमधल्या एका चहाघराची लाकडी पडवी तिथे येऊन बसणार होती. जपानच्या कागदावर लांबी लिहिली होती तेहेतीस शाकू. शाकू हे तिकडचं जुनं माप, आपल्या फुटाएवढं. म्युझियमचा हॉल होता दहा मीटर. तेहेतीस शाकू म्हणजे बरोब्बर दहा मीटर. जपानी सरकारनेच तसं ठरवून ठेवलंय. सॉफ्टवेअरने दोन्ही आकडे ताडून ‘फरक: ०’ एवढं म्हणायचं, की मिसेस बेअर्ड सही करणार. मिसेस बेअर्ड म्हणजे म्युझियमच्या कागदपत्रांच्या मालकीणबाई. शून्याशिवाय दुसऱ्या आकड्यावर त्यांनी आयुष्यात सही केलेली नव्हती.

आता गंधारच्या कंपनीची एक पद्धत होती. नवीन काम आलं की जुन्या कामाचं नाव खोडायचं आणि तेच द्यायचं. हे सॉफ्टवेअर आधी भिंगं बनवणाऱ्या लॅबसाठी लिहिलेलं. त्यामुळे ते जगातली प्रत्येक वस्तू नॅनोमीटरमध्ये मोजायचं, तेही फक्त पूर्णांकात. अपूर्णांक दिला की शेपूट कापून ठेवायचं.

गंधारने एक शाकू घातला. ३०३,०३०,३०३ नॅनोमीटर. तेहेतीसने गुणला. स्क्रीनवर आलं, ‘फरक: १’.

पडवी एका नॅनोमीटरने तोकडी होती. एवढं नख तर तुमचं हे वाक्य वाचेपर्यंत वाढतं.

“मग आणखी बारीक माप घे ना,” सुचेता म्हणाली. ती नागपूरची, त्याची मॅनेजर, आणि पत्र टाइप करणारी तीच. “एवढ्याशासाठी काय रडून राहिला?”

गंधारने पिकोमीटर घेतला, म्हणजे नॅनोचा हजारावा भाग. ‘फरक: १०’. त्याचा हजारावा, फेम्टो. ‘फरक: १’. आता राहिलेल्या फटीत एक प्रोटॉन आडवा झोपवला असता तर त्याचे पाय बाहेर आले असते. तरी फट होतीच. अ‍ॅटो: १०. झेप्टो: १. एक, दहा, एक, दहा. कुणीतरी लंगडत लंगडत दूर चाललं होतं आणि मागे वळून बघत नव्हतं.

त्याने कागद ओढला आणि फेम्टोचा आकडा हाताने लिहिला. लिहिताना सवयीने स्वल्पविराम पुण्याचे पडले, लाख-कोटीचे. ३०,३०,३०,३०,३०,३०,३०३. इंग्रजी स्वल्पविरामांनी जे तीन-तीनच्या बुरख्यात झाकून ठेवलं होतं ते एकदम उघडं पडलं. तीस, तीस, तीस. शेपूट कापा, आत तीसच. तेव्हाचं जगातलं सगळ्यात बारीक नाव असलेलं माप योक्टो. तिथेही फरक दहा. त्यापुढे माणसांकडची नावं संपत होती. तीस संपत नव्हते.

गंधारच्या हातावर काटा आला. हीटर चालू होता, म्हणजे कारण थंडी नव्हे, ते तीसच असणार.

“सुचेता, हे कधीच संपत नाही गं.”

“मग एक IF टाक. तेहेतीस आले की दहा मीटर छाप. कोण बघतंय?”

ही सूचना व्यावहारिक होती. ती अमलात आणण्याआधी गंधार एकदा हॉल बघून यायला म्युझियममध्ये गेला. हॉलमध्ये होसोनो-सान गुडघ्यांवर बसले होते. हे पडवी बसवायला आलेले सुतार, वय चौऱ्याहत्तर. हातात एक शाकूची बांबूची पट्टी. ती ते जमिनीवर ठेवत, पेन्सिलीची रेघ मारत, पुढे सरकवत. गंधार मोजत मागून चालला. एकतीस. बत्तीस. तेहेतिसाव्यांदा पट्टीचं टोक भिंतीला टेकलं आणि छोटासा आवाज आला. टक्.

त्या आवाजात योक्टोमीटरसुद्धा मावत नव्हता.

“सर, माझ्या कॉम्प्युटरला इथे फट दिसते,” तो म्हणाला.

होसोनो-सान वाकले. भिंत आणि पट्टी यांच्या मध्ये त्यांनी आदराने, बराच वेळ पाहिलं. “फट तुमच्या मीटरमध्ये आहे,” ते मोडक्या इंग्रजीत म्हणाले. “बिचारा दहाच बोटांवर मोजतो. पडवीला त्याची अडचण नाही.”

पट्टी त्यांनी गंधारच्या हातात दिली. कधीच न संपणारे सगळे तीस त्या बांबूत होते, आणि बांबू मात्र अगदी व्यवस्थित संपत होता. दोन्ही टोकांना. गंधारने ती तीन वेळा उलटी करून पाहिली. मग परत येऊन त्याने IF लिहिला, पाच मिनिटं त्याच्याकडे बघत बसला, आणि पुसला. आपलं आपण टेकलेल्या त्या टोकाला खोट्याचा टेकू द्यायला त्याचा हात धजेना.

शुक्रवारी मिसेस बेअर्डनी कागद वाचला. ‘फरक: १० योक्टोमीटर.’

“हे किती असतं, डिअर?”

“काहीच नाही. पण शून्यही नाही.”

“ओह, व्हॉट अ शेम,” त्या मनापासून म्हणाल्या आणि पेनाला टोपण लावलं.

“येडा आहेस का बे?” सुचेता पार्किंगमध्ये किंचाळली. “तिकीट काढावं लागेल तुझं!”

“अजून सहा आठवडे आहेत,” गंधार म्हणाला. “मी वर लिहितोय.” आणि त्याने खरंच लिहिलं:

प्रति, माननीय प्रमुख, मीटर कार्यालय, पॅरिसनजीक.

विषय: मीटरचे दहाऐवजी तेहेतीस भाग करून मिळणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, आपल्या मीटरमध्ये फट आढळून आली आहे. पडवीची तपासणी केली असता ती निर्दोष आहे. तरी जगातील सर्व मीटर परत मागवून, त्यांचे प्रत्येकी तेहेतीस समान भाग करून, ३१ मार्चपूर्वी, शक्यतो कार्यालयीन वेळेत, परत वाटप करण्यात यावेत, ही नम्र विनंती.