अप्पांची लांबलेली पूजा

उमरग्याला डायलिसिसचा नंबर अकराचा, आणि इकडं मुरुममध्ये साडेदहा वाजले तरी शिवशरणअप्पा पूजेवरून उठेनात.

अंगणात सोमेशनं गाडी चालूच ठेवली होती. "अगं, बघ की झालं का ह्यांचं!"

शिवरंजनी तान्ह्या लेकीला खांद्यावर घेऊन देवघराशी आली. सासऱ्यांच्या डाव्या तळहातावर इष्टलिंग होतं. हातात लिंग असलेल्या माणसाला त्या घरात कुणी हाक मारत नसे, घर पेटलं तरी मारली नसती. मंगळवारी असाच उशीर झाला. गुरुवारी तर नंबरच हुकला. आज हुकला तर छातीत पाणी भरेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

आणि तिला दिसलं, अप्पांची नजर लिंगावर नव्हतीच. भिंतीवरच्या घड्याळावर होती.

तिनं हाक मारलीच.

"अप्पा, शिवाला तरी पटंल का हे?"

सोमेश धावतच आत आला. "रंजनी! पूजेत बोलतीस?"

"पूजा कुठंय? घड्याळ बघत बसलेत ते."

अप्पांनी लिंग डोळ्यांना लावलं, चांदीच्या डबीत ठेवलं, डबी गळ्यात घातली. एवढ्यानंही त्यांना धाप लागली.

"चुकलं माझं. तोंडानं सांगायची हिंमत न्हवती, म्हणून देवाआड लपलो. मला मशीन नको, सोमेश."

"नको म्हंजे? म्या माझ्या हातानं तुम्हाला मातीत बसवू व्हय?" लिंगायतांत मेलेल्या माणसाला बसवूनच पुरतात.

"अंगात बसायची ताकद हाय तोवर बसव. नंतर बांधून बसवावं लागंल."

"थट्टा सुचतीय तुम्हाला!"

"मशीनचा दिवस मशीनचा, दुसरा पडून राहायचा. दोन वर्षं झाली. माझा वार कंचा, सांग."

सोमेश बायकोकडं वळला. "तू सांग की! तुझं ऐकतेत ते."

तिला ठाऊक होतं, 'नातीसाठी चला' एवढं म्हटलं की अप्पा मुकाट गाडीत बसतील. शब्द ओठांवर आलाही. तिनं लेकीला घट्ट धरलं आणि तो गिळला.

"चला अप्पा. मशीनवर न्हाय. हेच डॉक्टरांना तुमच्या तोंडानं सांगा. दम कोंडला तर तरास कमी कसा करायचा, ते म्या विचारते."

मग सोमेशनं दवाखान्यात फोन लावला.

"अकराचं मशीन... कुणी थांबलं असंल तर त्यांना द्या. आमी निस्तं डॉक्टरांना भेटायला..."

अप्पांनी हात लांब करून त्याच्या हातातला फोन घेतला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "हां, मी पेशंटच बोलतोय."