वीसापासून लाभापर्यंत

मंगळवारी अकराच्या सुमारास मी कर्जतच्या दवाखान्यात परत आले, तेव्हा माझ्या सासूबाईंचे दोन्ही हात पट्टीने खाटेच्या दांड्याला बांधलेले होते.

आंघोळ, तुळशीला पाणी, पोथीचा एक अध्याय आणि मग तोंडात घोट, हा माझा रोजचा नेम. तो पुरा करायला मी पहाटे पळसदरीला घरी गेले होते. तेवढ्या चार-पाच तासांत हे झालं.

सासूबाईंचं नाव सोनुबाई. वय ऐंशीच्या पुढे. छातीत कफ धरला म्हणून शुक्रवारी आणलं होतं आणि ताप कालच उतरला होता. काल संध्याकाळी तर दूध पातळ आहे म्हणून वॉर्डातल्या मावशींशी भांडून झालं होतं.

"आई, हे काय?"

"सलाईन संपली गं. नळीत रगत चढाया लागलं. हाका मारल्या, कोन येत नाय. मंग काढली सुई. आता चोर पकडल्यासारखी बांधलीय मला. नाकावर माशी बसली तरी हाकलता येत नाय."

मोठ्या सिस्टर पलीकडच्या खाटेशी होत्या. तिथूनच म्हणाल्या, "सुई उपसली त्यांनी. आणि सकाळच्या तपासणीत भ्रम निघालाय. भ्रमाच्या पेशंटचे हात आम्ही मोकळे ठेवत नाही. बारा वाजता शांत राहायचं इंजेक्शन आहे. झोपतील, काळजी करू नका."

शेजारच्या गल्लीतल्या पारूकाकूंना असंच शांत केलं होतं. दुसऱ्या दवाखान्यात. आठ दिवस झोपून राहिल्या, पाठीला जखमा झाल्या, त्यानंतर त्या स्वतःच्या पायांवर कधी उभ्या राहिल्या नाहीत. घड्याळात सव्वाअकरा झाले होते.

तपासणी म्हणजे श्रिया मॅडमची. मुंबईहून आलेली तरुण डॉक्टर. दवाखान्यात ठेवलेल्या म्हाताऱ्या माणसांना भ्रम का होतो, यावर तिचं संशोधन चाललं होतं. कर्जत-खालापूरच्या गावांतून आलेल्या पन्नास-साठ जणांचे कागद तिने भरले होते. शुक्रवारी संमतीची सही मीच केली होती. म्हाताऱ्यांचं भलं होत असेल तर होऊ दे, म्हटलं.

ती वॉर्डाच्या टोकाला टेबलाशी बसली होती. मी कागद मागितला. तिने आढेवेढे न घेता दाखवला. तारीख चूक. वर्ष चूक. ठिकाण चूक. उलटी मोजणी चूक.

"मॅडम, माझ्यासमोर एकदा विचारा."

"काकू, एका दिवसात दोनदा विचारत नाहीत. नियम आहे."

"कागदावर लिहू नका. नुसतं विचारा."

ती उठली. खाटेशी येऊन म्हणाली, "आजी, आजची तारीख काय?"

"सकाळीच सांगितली ना तुला. वद्य पंचमी. नुकतीच संकष्टी झाली."

"साल कुठलं चालू आहे?"

"तुमचं का आमचं? आमचं शके एकोणीसशे सत्तेचाळीस. ही सून रोज पंचांग वाचती सकाळी, कानावर पडतं."

"आता तुम्ही कुठे आहात?"

"कैदेत." सासूबाईंनी बांधलेली मनगटं जमेल तेवढी वर केली. "सकाळी बी हेच बोलले. तवा एकच हात बांधला व्हता."

श्रिया मॅडमला हसू आलं. ते आवरून तिने वीसपासून उलटं मोजायला सांगितलं. सासूबाईंनी धडाधड मोजलं. पाच, चार, तीन, दोन, लाभ.

"बघा," ती हळूच मला म्हणाली, "शेवटी काहीतरी भलतंच येतं. एक हा आकडाच त्यांना आठवत नाही."

"मॅडम, खळ्यावर भात मोजताना पहिल्या पायलीला आम्ही एक म्हणत नाही. लाभ म्हणतो. लाभ, दोन, तीन. रास वाढावी म्हणून. ह्यांनी साठ वर्षं भात मोजलाय. आणि तिथी माझ्या पिशवीतल्या पंचांगात बघा."

मी पंचांग काढून दिलं. तिने पान बघितलं, मग पुन्हा बघितलं. चेहरा उतरला तिचा.

"काकू, मी यांचं नाव अभ्यासातून काढते. तुम्हाला त्रास नको."

"नाव काढलं तर हात सुटतील?"

"ते वॉर्डाचं काम आहे. माझा शेरा त्यांच्या फाईलला लागलाय."

"मग नाव राहू द्या. त्या जे बोलल्या ते जसंच्या तसं लिहा आणि बरोबर म्हणून खूण करा."

"बरोबर उत्तरं आधीच छापलेली असतात. मला बदलता येत नाहीत."

"तर मग छापलेलं चुकलंय, असं लिहा."

बाराला पाच कमी असताना सिस्टर ट्रे घेऊन आल्या. मी खाटेच्या आणि त्यांच्या मधे उभी राहिले. माझा आवाज मुळातच लहान.

"मोठ्याने बोला, ऐकू येत नाही," सिस्टर म्हणाल्या.

"इंजेक्शन नको, म्हटलं. आणि मी गाठ सोडतेय."

"तुम्हाला तसं करता येणार नाही."

"येतं," म्हणून मी डाव्या हाताची गाठ सोडली. उजवी घट्ट बसली होती, ती दातांनी सोडवली.

"पडल्या, काही झालं, तर जबाबदारी कोणाची?"

"माझी. कागद द्या."

कागद आला. मी लिहिलं: सोनुबाई शुद्धीवर आहेत. त्यांना बांधायला आणि झोपवायला माझी हरकत आहे. त्या चालतील तेव्हा मी बरोबर चालेन. खाली सही, तारीख, आणि तारखेच्या आधी तिथी. श्रिया मॅडमने कागद माझ्या हातातून घेतला. माझ्या सहीखाली 'भ्रम नाही, सकाळचा शेरा रद्द' असं लिहून आपलं नाव घातलं.

"मोठे डॉक्टर राउंडला आले की तुम्हीच सांगा त्यांना," सिस्टर तिला म्हणाल्या आणि ट्रे घेऊन गेल्या.

सासूबाई मनगटं चोळत होत्या. "हर्षले, संडासला जायचंय. सकाळपास्नं धरून ठेवलंय." मी खांदा पुढे केला. त्यांनी नुसती बोटं टेकली आणि भिंतीच्या कडेकडेने चालत गेल्या, चालत आल्या.

परत आलो तर श्रिया मॅडम आमच्याच खाटेवर जुने कागद पसरून बसली होती. एकेका कागदावर बोट फिरवत होती. एका जागी थांबली.

"पुरुषांच्या वॉर्डात पदू म्हणून एक आजोबा आहेत," ती म्हणाली. "खालापूरकडचे. त्यांच्या कागदावरही मी शेवटचा आकडा चूक दिलाय. परवापासून बांधलेत त्यांना."

"बरोबर कोण आहे त्यांच्या?"

"कोणी नाही."

सासूबाई खाटेवर टेकल्या. "जा गं," मला म्हणाल्या. "मी काय पळून जाते का?"

दारात सिस्टरांनी अडवलं. "तो तुमचा पेशंट नाही."

"नाही," मी म्हटलं, आणि श्रिया मॅडमच्या पुढे होऊन चालू लागले.