एक थेंब तेल

"काका, यात तेल कुणी घातलं?"

दादरच्या त्या छोट्या खोलीत काचेच्या बंद पेटीपुढे बसलेल्या, बिघडलेल्या डिस्कमधलं साठवलेलं परत काढून देणाऱ्या पद्मजाने विचारलं. पेटीत हार्ड डिस्क उघडी होती. आरशासारख्या तबकडीवर तेलाचा तवंग होता. कडेला कुंकवाचे कण चिकटले होते.

"मीच," दत्ताराम म्हणाला. "खंडेनवमी होती ना. करकर करत होती. म्हटलं, कोरडी पडली असंल."

"पण उघडलीत कशी? साधा पाना चालत नाही याला."

"कानशीनं घासून बनवला. मिलमधी साचे, कापडाचे माग, दुरुस्त करायचो, बाई. खंडेनवमीला साचा खोलायचा, पुसायचा, तेल द्यायचं, कुंकू लावायचं. दुसऱ्या दिवशी काय पळायचा!"

पद्मजाला हसू आलं नाही. वाचणारं टोक तबकडीला न शिवता तिच्यावरून फिरतं, मध्ये धुळीचा कणही मावत नाही, हे तिने त्याला सांगितलं.

"नंतर चालू केलीत?"

"रोज. काय लागत नव्हतं, तरी. शांतीला ऐकायचं असतं. संध्याकाळ झाली की बोट दाखवते."

शांती त्याची बायको. संपात गिरणी बंद पडली ती पडलीच. तेव्हा ती लालबागला लोकांच्या मिरच्या कांडायची आणि कांडताना स्वतः जुळवलेली गाणी म्हणायची. म्हातारपणी पुतण्याने, माधवने, ती मोबाइलवर घेतली, कॉम्प्युटरमध्ये टाकली आणि जागा हवी म्हणून मोबाइलमधली पुसली. पुढे अर्धांगाच्या झटक्यात शांतीची वाचा गेली. आपलाच आवाज ऐकताना मात्र तिचे ओठ हलत, एखादा शब्द अर्धामुर्धा बाहेर येई.

पद्मजाने तबकडी साफ केली, दुसऱ्या डिस्कचं टोक बसवलं. डिस्क फिरली आणि खरवडल्याचा आवाज आला. तिने झटकन बंद केली.

"वरचा थर निघालाय, काका. गाणी त्या थरातच होती."

"परत चढवता येत नाय?"

"नाही."

"फॉरेनला पाठवून? खर्चाचं बघू नका."

तिने चिमट्याने डिस्कमधली धूळ गाळणारी छोटी जाळी उचलून दाखवली. तिच्यावर करडी पूड होती.

दत्तारामने चष्मा कपाळावर सरकवला. "यात तिचा आवाज?"

"होता."

तो काचेपाशी वाकला. मग म्हणाला, "मी खोलली नसती तर?"

"ती बिघडतच होती," पद्मजा म्हणाली. ते खोटं नव्हतं. पण त्याने विचारलं होतं ते हे नव्हतं, आणि दोघांनाही ते कळलं.

संध्याकाळी घरी खाटेवरून शांतीने डाव्या हाताने कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं.

"बिघडलाय गो," तो म्हणाला.

तिने पुन्हा दाखवलं.

तो खाटेच्या कडेला बसला. घसा खाकरून, सूर कुठे लावायचा ते न कळून, त्याने सुरुवात केली.

"भोंगा वाजला लालबागी, बाई डबा बांधला घाईत..."

पुढची ओळ त्याला येईना. एवढी वर्षं ऐकली, पण लक्ष देऊन कधी ऐकलीच नव्हती. शांतीला ती येत होती. तिचे ओठ उघडले, थरथरले, मिटले. ती त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली.

त्याने पहिली ओळ पुन्हा म्हटली. तिचा डावा हात खाटेच्या काठावर ठेका धरत होता. ओळ संपली, तेव्हा हात पुढच्या ठेक्यासाठी उचललेला तसाच राहिला.