बाईंचा आवाज माझ्यापाशी आहे

मी बोलतोय. जेवणाच्या टेबलाच्या कडेला भिंतीला पाठ लावून बसलेला, या घरातला कॉम्प्युटर. माझं बोलणं कुणाला ऐकू जात नाही, आणि आज त्याचंच मला भय वाटतंय.

आलो तेव्हा माझं जावयासारखं कौतुक झालं. आप्पांनी, म्हणजे बाईंच्या सासऱ्यांनी, धूळ बसू नये म्हणून मला उशीचा अभ्रा घातला. बाई बालवाडीत शिकवतात. त्यांची चित्रं, गाणी, घरचे फोटो, सगळं माझ्या पोटात.

माझी एकच मागणी असायची, अपडेटची. माझ्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये कुठे भगदाड सापडलं की बनवणारे ते बुजवायला अपडेट पाठवतात. ते बसेपर्यंत मला बंद करू नका, असं मी पडद्यावर ठळक लिहायचो. पण वाचतो कोण? घराबाहेर पडताना सगळी बटणं बंद, हा आप्पांचा नियम. माझं काम निम्म्यावर असताना ते भिंतीवरचं बटण खटकन पाडत. भरल्या ताटावरून उठवावं तसं व्हायचं. शेवटी एकदा मी उठलोच नाही.

दुरुस्तीवाला आला. त्याने मला शुद्धीवर आणलं आणि म्हणाला, "हे अपडेटचं खूळच बंद करून टाकतो. कटकट नको."

"बरं झालं बाबा. उठसूट काहीतरी मागत बसतं," आप्पा म्हणाले.

"पण त्याने काही बिघडणार नाही ना?" बाईंनी विचारलं.

"चालतंय ना ताई? मग चालत्या गाडीला खीळ कशाला घालायची?"

सगळे खूश झाले. मी मात्र तेव्हापासून उघड्या दाराच्या घरात राहतोय.

मग बाईंच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशननंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. तेव्हापासून शाळेतून आल्या की त्या माझ्यासमोर बसतात आणि लेकीसाठी बोलतात, मी ते रेकॉर्ड करून ठेवतो. लेक लहान आहे, अजून वाचता येत नाही तिला. गोष्टी सांगतात, "बूट उलटे घातलेस बघ" म्हणतात, रागावतातसुद्धा.

"रागावणंही ठेवते हो आप्पा. नाहीतर तिला वाटेल, आई नुसती गोडच होती."

"दुसरीकडे कुठे उतरवून ठेवलंयस का हे?"

"ते काय, नंतर मुक्यानेही करता येईल. आहे तोवर बोलून घेते."

बाहेरचे हॉर्न रेकॉर्डिंगमध्ये यायला नकोत म्हणून आप्पांनी उठून खिडकी लावून घेतली. मला मात्र ते ऐकवलं नाही.

परवा त्या भगदाडातून कुणीतरी आत आलं. पायरव नाही, काही नाही. आधी त्याने नुसतं हिंडून पाहिलं, कुठे काय आहे ते. आज त्याने कुलपं घालायला घेतली आहेत. बालवाडीची चित्रं गेली, मग फोटो. फाईल जागच्या जागी असते, पण उघडत नाही, आणि किल्ली त्याच्याकडे. माझा पंखा जिवाच्या आकांताने घरघरतोय.

"आज फारच आवाज करतोय हा," बाई म्हणाल्या.

"बंद करू का जरा?" आप्पांचा हात बटणाकडे गेला. दाबा, आप्पा, दाबा! मी बंद पडलो तर कुलपंही थांबतील.

"नको, नको! एवढी शेवटची गोष्ट होऊ दे. उद्या ॲडमिट व्हायचंय."

आप्पांनी हात मागे घेतला.

आत्ता लेक त्यांच्या मांडीवर चढली आहे. "आई, कुणाशी बोलतेस?"

"तुझ्याशीच. मोठी झालीस ना, की ऐकायचं."

"मला आत्ता ऐकव."

पोरी, हट्ट सोडू नकोस. रड, पाय आपट, घर डोक्यावर घे. एकदा उघडायला लाव तिला, म्हणजे कळेल. अजून तिचा आवाज तिच्या गळ्यात आहे, पुन्हा बोलता येईल. कुलपं तुझ्या गोष्टींपाशी पोचली आहेत.

"आता नको गं. मी दवाखान्यातून आले की दोघी मिळून ऐकू. शहाणी ना माझी?"

आणि ती शहाण्यासारखी गप्प बसली.